माळावरची तालीम

पुण्यातल्या शिबिरात त्या बाईंनी आम्हाला विचारलं होतं, तुमच्यापैकी कामावर चालत कोण जातं? दुभाष्यानं प्रश्न मराठीत सांगितला आणि आम्ही सगळ्या जणींनी हात वर केले. बाई हसल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, वाऱ्यानं गाल रापलेल्या. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स म्हणून मुलुख आहे, तिथल्या समुद्रकाठच्या एका गावात त्या सहकारी दुकान चालवत. शिबिर सहकारात काम करणाऱ्या बायकांचं होतं आणि मी धाराशिवकडं, बेंबळीजवळच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेची सचिव म्हणून गेले होते. सचिव म्हणजे फार मोठं काही नव्हतं. सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचं, फॅट बघायची, कॅन धुवायचे आणि गाडी आली की ते चढवायला हात लावायचा.

जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या मोडक्या इंग्रजीत बाईंशी बोलायला गेले. त्या सांगत होत्या, त्यांच्याकडं समुद्राच्या कडेकडेनं एक पायवाट आहे, डोंगरकड्यावरून वर चढते, खाडीत उतरते, पुन्हा चढते. दर उन्हाळ्यात त्यांच्या संस्थेच्या बायका पाठीवर सामान घेऊन त्या वाटेनं दोनेक आठवडे चालतात. मी म्हटलं, मला आवडेल चालायला. हे मी पाहुण्याला ‘या की एकदा गावाला’ म्हणावं तसं म्हटलं होतं. बाईंनी ते खरं धरलं. काही महिन्यांनी त्यांच्या संस्थेचं निमंत्रण आलं. जाण्यायेण्याचं ते बघणार होते. मी फक्त दिवसभर, ओझं घेऊन, चढ-उतारावर चालता येईल अशी होऊन यायचं होतं.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि म्हणाले, पासपोर्ट काढावा लागेल. त्यांचं मन कळायला नेहमीच वेळ लागायचा. आई चुलीपुढं बसली होती. तिनं विचारलं,

“पायी जायचंय?”

“पायीच.”

“कशापायी?”

नुसतंच चालायचं, समुद्र बघत, असं मी म्हटलं. आई जन्मभर चालली होती, पण पाण्याला, खुरपायला, सरपणाला, बाजाराला. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, “बिनकामाचं चालायचं. बरं वाटत आसंल की.”

बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती आणि पुन्हा एक वाईट वर्ष चालू होतं. दिवाळीनंतर गावातल्या विहिरी एकेक करून आटत गेल्या. आठवड्यातून टँकर यायचा. चाऱ्यासाठी लोक गुरं घेऊन छावणीला जायला लागले होते आणि संस्थेत येणारं दूध रोज थोडं थोडं कमी होत होतं. अशा दिवसांत मी परदेशी हिंडायला जायची तयारी करणार, हे मला स्वतःलाच अवघड वाटत होतं. पण दादा अर्ज करून आले होते. काही दिवसांनी पोलीस चौकशीला आला. पायरीवर बसून त्यानं चहा घेतला आणि मला विचारलं, तिकडं कुणी नातेवाईक आहे का, नोकरी आहे का, शिक्षण आहे का. मी सगळ्याला नाही म्हणत गेले, नुसतं चालायला जातेय म्हटलं. शेवटी तो दादांकडं वळून म्हणाला, “मास्तर, मग तिकडं एस्टी न्हाय काय?” दादा पहिल्यांदा मोठ्यानं हसले, ते त्या दिवशी.

सकाळची दुधाची गाडी गेली की मी चालायला निघायची. पहिल्या आठवड्यातच बोलणं सुरू झालं. तरणी पोरगी, एकटी, रिकाम्या हातानं माळानं जाते आणि तशीच परत येते, याचा अर्थ लोकांना लावता येईना. कुणीतरी आईला विचारलंच. आईनं त्यांना काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी निघाले तर ती लुगड्याचा काष्टा घट्ट करून दारात उभी होती. पायात दादांच्या जुन्या चपला होत्या.

त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून चाललो. गावाबाहेर नाला ओलांडला की माळ लागायचा. काळी-तांबडी मुरमाड जमीन, खुरटी बोरीची झाडं, लांबवर बालाघाटाची निळसर रेघ. मी बूट घालून जड पावलं टाकायची आणि आई पुढं, न थांबता, अंगातलं काहीच खर्च न करता चालल्यासारखी. मला धाप लागायची. ती बोलत राहायची. घरात आई मोजकंच बोलायची, पण माळावर तिला बोलायला सुचायचं. तिचं लहानपण, तिच्या माहेरी धर्मांतराच्या दिवशी घरातले देव नदीत सोडले ती संध्याकाळ, तिच्या आईला त्या रात्री ताप भरला आणि सकाळी उतरला ते. यातलं कितीतरी मी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग ओझ्याचा प्रश्न आला. पाठीवरची पिशवी आम्ही घरीच शिवली. खताचं नायलॉनचं पोतं, त्याला खांद्यावर वाकळेच्या तुकड्यांचे जाड पट्टे. सामान अजून नव्हतं, म्हणून वजनासाठी मी अंगणातले दगड गोळा करून पिशवीत भरायला लागले. आई पाण्याची घागर ठेवून आली आणि पिशवी उपडी केली.

“दगड नको.”

“वजन व्हायला पायजे ना.”

“जवारी भर. माती भर. दगड म्या लई उचलल्यात, लई फोडल्यात. माझ्या लेकीच्या पाठीवर नको.”

बहात्तरला दादांची नोकरी पक्की नव्हती आणि आई खडी फोडायला जायची, हे मला माहीत होतं. मी तेव्हा शाळेत होते. दुपारी तिची भाकरी घेऊन जायची. पण तिच्या आवाजात असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मी दगड परत कुंपणाशी नेऊन टाकले. त्यानंतर पिशवीत ज्वारी असायची, नंतर नंतर ज्वारी संपत आली तेव्हा वाळू.

फेब्रुवारीत लातूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा कचेरीत होता. चहा-पोहे झाले, माझं शिक्षण विचारून झालं, आणि मुलाच्या आत्याबाई, ज्या खोलीत आल्यापासून माझ्या पायांकडं बघत होत्या, दादांना म्हणाल्या, “मुलगी पाठीवर पोतं घेऊन हिंडती म्हणून ऐकलंय आमी.” त्या वाईट बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी खाली बघितलं. आता दादा काहीतरी सारवासारव करतील असं मला वाटलं, कारण त्यांना कुणाशी वाद नको असायचा.

दादा म्हणाले, “व्हय, हिंडती. उन्हाळ्यात आजून लांब जाणार हाय. आल्यावर बोलू आपण.”

पाहुणे चांगुलपणानं निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत. आई त्या दिवशी दादांवर थोडी नाराज होती. स्थळ बरं होतं असं तिचं मत होतं. दादा त्या शनिवारी शाळा सुटल्यावर सोलापूरला गेले आणि माझ्यासाठी घोट्याच्या वर येणारे कापडी बूट घेऊन आले, जाड तळव्यांचे. आधीचे माझे बूट चुलतभावाचे होते आणि टाचेला चावायचे. दादांनी ते खोक्यातून काढून माझ्यापुढं ठेवले आणि वर्तमानपत्र वाचायला बसले.

माळ सपाट होता आणि बाईंनी चढ-उताराचं पुन्हापुन्हा लिहिलं होतं. म्हणून रविवारी आम्ही एस्टीनं जाऊन तुळजापूरचा घाट पायी चढायला लागलो. खाली उतरायचं, चढायचं, पुन्हा उतरायचं. घाटाच्या वर एक म्हातारा रसाचं गुऱ्हाळ लावून बसायचा. त्यानं आम्हाला दोन-तीन रविवारी बघितलं आणि एकदा हाक मारून सावलीत बसवलं, पाणी दिलं. देवीचा काही नवस आहे का, असं त्यानं आदरानं विचारलं. आम्ही बौद्ध. छप्पन्ननंतर आमचा नवसाशी संबंध उरला नव्हता. पण पाणी पिऊन झालेलं होतं. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याला नीट सांगितलं, की नवस नाही, पोरगी समुद्राच्या कडेनं चालायला विलायतेला जाणार आहे आणि त्याची ही तालीम आहे. म्हाताऱ्यानं उठून चरकात ऊस घातला. मग त्यानं आम्हाला रसही दिला. पुढच्या रविवारपासून तो घाट चढणाऱ्या सगळ्यांना आमची हकिगत सांगायचा आणि आमच्याकडं बोट दाखवायचा.

एप्रिलमध्ये आईनं काढलं, की समुद्र अजून बघितलेला नाही. मी म्हटलं, तिकडं गेल्यावर बघीनच. ती म्हणाली, “तू बघशील. म्या कधी बघायचा? आन् ज्याच्या कडंनं जायचं त्याला आदी डोळ्यानं बघून घ्यावं.” दादांचे अध्यापक विद्यालयातले एक मित्र रत्नागिरीच्या बाजूला समुद्रकाठच्या गावी शिक्षक होते. शाळेला सुट्टी लागल्यावर दादांनी त्यांना कळवलं, संस्थेचं दूध मापायचं काम स्वतःकडं घेतलं आणि आम्हा दोघींना सोलापूरच्या गाडीत बसवून दिलं.

सोलापूर, कोल्हापूर, मग घाट उतरून खाली. आई सगळा वेळ खिडकीशी बसली होती. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा तिनं खिडकीचा गज धरून मान बाहेर काढली. संध्याकाळी दादांचे मित्र आणि त्यांच्या पत्नी आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेले. आई चपला हातात घेऊन ओल्या वाळूपर्यंत गेली आणि तिथं उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “हे थांबत न्हाय व्हय?” नाही, असं मित्राच्या पत्नींनी सांगितलं, रात्रंदिवस चालूच असतं. आईला ते पटलं नसावं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती पुन्हा एकदा जाऊन बघून आली.

त्या सकाळी आम्ही शेजारच्या गावच्या किनाऱ्यापर्यंत चालत जायचं ठरवलं. दोन किनाऱ्यांच्या मधे डोंगराचं एक नाक समुद्रात घुसलेलं होतं. वाट त्यावर चढत होती. वर पोचलो आणि आईचा चेहरा खुलला. वर सगळा उघडा सडा होता, तांबड्या खडकाचा, वाळलेल्या गवताचा. “हे तर आपलाच माळ,” ती म्हणाली आणि भराभर चालायला लागली. पण थोड्या वेळानं वाट कड्याच्या अगदी काठाला आली. डावीकडं जमीन संपत होती आणि खूप खाली काळ्या खडकांवर पाणी आपटून पांढरं होत होतं. मी खाली बघितलं आणि पाणी मागं ओढलं गेलं, तसा माझ्या पायाखालचा कडाही ओढला गेल्यासारखा वाटला. मी होते तिथं खाली बसले. उठता येईना. पुढंही जाता येईना आणि मागंही.

आमच्या भागात इतका उंच कडा आणि त्याखाली हलणारं पाणी कुठं असतं? तीन-चार महिने मी पाय घट्ट केले होते, पाठ घट्ट केली होती, आणि मला उंचावर चक्कर येते हे ठाऊकच नव्हतं. मला रडू आलं. आई परत आली आणि माझ्या आणि समुद्राच्या मधे येऊन बसली, पाठ समुद्राकडं करून. तिनं मला उठ म्हटलं नाही. पदराच्या गाठीतले शेंगदाणे काढले आणि आम्ही दोघींनी खाल्ले. मग ती सांगायला लागली, बहात्तरला मोठ्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, पोहरा बुडत नव्हता, तेव्हा बायका कडेच्या दगडी पायऱ्यांनी आत उतरून वाटीनं पाणी भरायच्या. तीही उतरायची.

“भ्या वाटायचं?” मी विचारलं.

“लई. खाली बघितलं की हात सुटायचे.”

“मग गेलं का नंतर भ्या?”

“भ्या कुठलं जातंय. पाणी तर आणायचं हुतं घरी.”

थोड्या वेळानं मी तिच्या लुगड्याचा पदर हातात धरून, तिला समुद्राच्या बाजूला ठेवून, तो तुकडा पार केला. परत मात्र आम्ही डोंगराच्या आतून, आमराईतल्या रस्त्यानं आलो. रात्री जेवायला ताजे मासे होते. आम्हाला गावाकडं सुकटीची सवय, त्या काट्यांशी आईची फार वेळ झटापट चालली. मी जेवले नाही.

घरी आल्यावर मी बाईंना सगळं खरं लिहिलं. मला कड्यावर चक्कर येते, बोलावलं त्याबद्दल आभार, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला बोलवा. दादांनी माझं इंग्रजी दुरुस्त केलं, मजकूर तसाच ठेवला. उत्तर यायला बरेच दिवस लागले. बाईंनी लिहिलं होतं, आमच्यातल्याही काहीजणींना चक्कर येते, जिथं वाट फार काठाला जाते तिथं त्या शेतातल्या रस्त्यानं वळून येतात आणि पुढं सगळ्या भेटतात, तू त्यांच्याबरोबर ये. मला इतकं हलकं वाटलं की मी दुधाच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना ते वाचून दाखवलं. एक आजोबा म्हणाले, वळसा घालून गेलं तरी पोचणं झालंच की.

तरीही उरलेल्या दिवसांत जमेल तेवढं करावं म्हणून आई मला अणदूरला तिच्या बहिणीकडं घेऊन गेली. तिथून नळदुर्गाचा किल्ला जवळ. किल्ल्यात एक उंच बुरूज आहे, पायऱ्यांनी वर जाता येतं. पहिल्या दिवशी मी शेवटच्या पायरीवरच बसून राहिले. नंतर वर जाऊन मधोमध बसले. मग सरकत सरकत काठापाशी. खाली बोरी नदीचं पात्र कोरडं पडलेलं, त्यात शेळ्या. पाणी नसल्यामुळं काही हलत नव्हतं, त्याचा मला आधार वाटायचा. मावशी भाकरी घेऊन सावलीत बसलेली असायची. तिला हा सगळा प्रकार समजत नव्हता. “लोक किल्ला बघाया येत्यात,” ती आईला म्हणाली, “ही नुसती काठावर हुभारायला आलीया.” शेवटच्या दिवशी मी काठावर उभी राहून शेळ्या मोजू शकले. घामानं ओली झाले होते, पण उभी होते.

जूनच्या सुरुवातीला मी निघाले. दादा मुंबईपर्यंत आले. आई धाराशिवच्या एस्टी स्टँडपर्यंतच आली. गाडी सुटेपर्यंत ती मला पिशवीचे पट्टे कसे बांधायचे तेच सांगत होती.

तिकडच्या चालण्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते वेगळं. रोज थोडा तरी पाऊस, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, वाटेत लाकडी फाटकं, कुंपणापलीकडं मेंढ्या. सगळ्यांत मागं राहणाऱ्यांत मी नव्हते, आणि त्याचं श्रेय कुणाला हे मला माहीत होतं. बहुतेक वाट मी समुद्राच्या बाजूनंच चालले. दोन ठिकाणी जमलं नाही. तिथं आम्ही तिघी-चौघी शेतातल्या रस्त्यानं गेलो, एका घरी चहा प्यालो आणि पुढच्या खाडीत बाकीच्यांना गाठलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

परत आले तेव्हा गावात पेरण्या उरकल्या होत्या. पाऊस बेताचा पण वेळेवर झाला होता. लोकांनी विमानाचं विचारलं, गोऱ्यांच्या जेवणाचं विचारलं, दादांनी तिथल्या शाळांचं विचारलं. आई सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी दुधाची गाडी गेल्यावर मी संस्थेत कॅन धूत होते, तेव्हा ती येऊन बाकावर बसली.

“त्या बाया चालताना काय बोलत्यात?” तिनं विचारलं.

मी आठवून सांगितलं. गुडघ्यांचं बोलतात. सुनांचं बोलतात, ज्यांची लग्नं झाली नाहीत त्या मुलींचं बोलतात. दुकानात माल वेळेवर येत नाही याचं बोलतात. एक जण तिच्या मेलेल्या नवऱ्याबद्दल रोज थोडं थोडं सांगायची आणि शेवटच्या दिवशी तिचं सांगून संपलं.

आईनं मान हलवली, कुठल्यातरी ओळखीच्या घरचं ऐकावं तशी. मग तिनं पदर खोचला, दुसरा कॅन ओढून घेतला आणि घासायला बसली.